ऑफिसचं किंवा दुकानाचं पेज चालवताय? या चुका टाळा

नवीन पेज उघडलं की पहिला आठवडा मजेत जातो. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी खाली काहीतरी खोचक लिहितं आणि साहेबांचा फोन येतो, "अहो, ते कमेंट बंद करता येतं ना?" येतं. पण मग पेज उघडलंत कशाला? पूर्वी दवंडी पिटणाऱ्यालाही लोक चावडीपाशी थांबवून चार प्रश्न विचारायचे. नगरपालिकेपासून आंबेवाल्यापर्यंत बऱ्याच जणांची पेजं सांभाळली, चुका मात्र सगळीकडे त्याच.

सगळ्यात महागात पडते ती कमेंट उडवण्याची सवय. माझ्या ओळखीचे एक बागायतदार देवगडहून थेट पुण्याला हापूस पाठवतात. अक्षय्य तृतीया आठवड्यावर आलेली. एका ताईंनी फोटो टाकला, डझनाच्या पेटीतल्या चार फळांत साका निघाला म्हणून. साका म्हणजे काय हे कोकणाबाहेर फार जणांना माहीत नसतं. फळ वरून देखणं, वासही उत्तम, आणि कापलं की कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. वरून बघून तो भल्याभल्यांना ओळखता येत नाही. एवढं लिहून चार फळं बदलून दिली असती तर विषय तिथेच संपला असता.

पण पेज बघत होता त्यांचा भाचा. त्याने कमेंट उडवली आणि ताईंना ब्लॉक केलं. ताईंकडे स्क्रीनशॉट होताच. संध्याकाळपर्यंत तो सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरायला लागला, खाली ओळ : 'तक्रार केली की ब्लॉक करतात.' रात्री कुणीतरी भर घातली की माल देवगडचा नाहीच, कर्नाटकचा आहे. सणाच्या तोंडावर पेट्या रद्द व्हायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. आम्ही ताईंची जाहीर माफी मागितली, साका निघालेल्या फळाचा फोटो आम्हीच टाकला आणि तो काय प्रकार असतो ते साध्या भाषेत लिहिलं. मग खाली जुनी गिऱ्हाइकंच नव्यांना समजावू लागली. भाचा म्हणाला, "पण मामा, मी तर पेजची इज्जत वाचवत होतो."

रागाची कमेंट आली की मी फोन पालथा ठेवतो आणि आधी चहा घेतो. उत्तर चहानंतर. उडवायच्या गोष्टी माझ्याकडे तीनच : शिवीगाळ, जातिधर्मावरून पेटवापेटवी, आणि कुणाचा आधार किंवा मोबाईल नंबर. हे नंबर बहुतेक वेळा बिचारे तक्रारदार स्वतःच टाकतात. ते तिथल्या तिथे लपवा आणि का लपवले ते त्यांना कळवा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.' एका नगरपालिकेच्या पेजवर गढूळ पाण्याच्या तक्रारींखाली हेच वाक्य ओळीने चिकटवलेलं होतं. त्यात एका आजोबांनी लिहिलं, 'आज पाणी स्वच्छ आलं, धन्यवाद.' त्यांचीही तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली! गावभर हसं झालं. उत्तरात कोण बघतंय त्याचं पद, कधीपर्यंत, आणि तक्रार क्रमांक एवढं तरी हवं. मी शाळेची दोनशेपानी वही ठेवतो. उत्तर दिलं की गोल काढायचा, काम झाल्याचं त्याच धाग्यात जाऊन सांगितलं की गोलावर फुली. नवी मुलं हसतात, त्यांच्याकडे रंगीत डॅशबोर्ड असतात. पण परत जाऊन सांगायचं ते विसरतात ते विसरतातच.

इथे हमखास कुणीतरी सुषमा स्वराजांचं नाव काढतं. परराष्ट्रमंत्री असताना, २०१४ ते २०१९ मध्ये, त्या ट्विटरवर लोकांना स्वतः उत्तरं द्यायच्या. पण त्या संबंधित दूतावासालाही त्याच धाग्यात ओढायच्या आणि तिथून माणूस हलायचा, हे नक्कल करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. नाही म्हणणंही त्यांना जमायचं. २०१६ मध्ये एकाने बिघडलेल्या फ्रिजची तक्रार केली, तेव्हा त्यात मदत करता येणार नाही, मी अडचणीतल्या माणसांत गुंतले आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. तेही उत्तरच. मुंबई पोलिसांचंही तसंच. २०१५ च्या अखेरीस ते ट्विटरवर आले आणि त्यांच्या कोट्या गाजल्या. तेव्हापासून जो तो कोट्या करणारा पोरगा शोधतोय. खड्ड्याच्या तक्रारीवर उत्तर नाही आणि वर विनोद, हे वाचणाऱ्याला फार झोंबतं.

सरकारी बाबूंचं एक लाडकं उत्तर म्हणजे 'माहिती अधिकारात अर्ज करा.' कमेंट म्हणजे अर्ज नव्हे, त्यामुळे ३० दिवसांची मुदत तिला लागू नाही, हे खरं. पण २००५ च्या त्याच कायद्याचं कलम ४ कार्यालयांना बरीच माहिती आपणहून जाहीर करायला सांगतं. नळाला पाणी किती वाजता येणार हे सांगायला अर्ज कसला मागता?

बाकीचं थोडक्यात. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' छापाचं स्कॅन केलेलं पत्रक टाकू नका, 'उद्या पाणी नाही, गुरुवारी सकाळी येईल' असं लिहा. फॉलोअर विकत घेऊ नका, विकतची माणसं आंबे घेत नाहीत. साहेबांचा वाढदिवस साहेबांच्या घरच्या अकाउंटवर. पासवर्ड निदान दोघांकडे असू द्या. एका दुकानाचं पेज चालवणारा मुलगा नोकरी सोडून गेला, नंबरही बदलला. गिऱ्हाइकं आजही तिथे भाव विचारतात आणि वर २०२२ च्या दिवाळीच्या शुभेच्छा झळकताहेत.