एका फुटबॉलवर विज्ञानाचे प्रयोग कसे करावेत

पुढील प्रयोगांसाठी हवा भरलेला एक फुटबॉल, पंप व त्याची पिन, मोजपट्टी, खडू, दोरी आणि किरकोळ घरगुती वस्तू पुरेशा आहेत. वही मात्र हवीच, कारण मोजमाप लिहून ठेवले नाही तर प्रयोगाचा नुसता खेळ होतो. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर, नागपूर, अकोला या पट्ट्यात पारा अनेकदा 44-45 अंशांवर जातो, त्यामुळे प्रयोग सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर करावेत. उन्हात तापवायचा आहे तो चेंडू. मुलांनी सावलीतच बसावे.

जमीन बदलली की उसळी किती बदलते?

घराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर जमिनीपासून 1 मीटरपर्यंत दर 5 सेंटीमीटरवर खडूने रेघ ओढावी. एका मुलाने चेंडूची खालची कड 1 मीटरच्या रेघेवर येईल अशा बेताने तो धरावा आणि खाली न ढकलता नुसता सोडावा. दुसऱ्याने भिंतीसमोर उकिडवे बसून, डोळे अपेक्षित उंचीच्या पातळीवर ठेवून, उसळीनंतर चेंडूची खालची कड कुठवर गेली ते पाहावे. उभे राहून वरून पाहिल्यास आकडा हमखास चुकतो. मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण होत असेल तर काम सोपे होते. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजून मधला आकडा लिहावा.

हीच कृती सिमेंटच्या ओट्यावर, शेणाने सारवलेल्या अंगणात, वाळूवर आणि शेवटी नांगरलेल्या वावरात करावी. भिंत नसेल तेथे खुणा केलेली काठी उभी धरावी. प्रत्येक वेळी मोजण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा. माझ्या मते या प्रयोगातील निम्मे शिक्षण त्या अंदाजातच आहे. तुलनेसाठी एक आकडा जवळ ठेवावा: आंतरराष्ट्रीय दर्जाच्या चाचणीत 20 अंश तापमानाला पोलादी पृष्ठभागावर 2 मीटरवरून सोडलेला उत्तम चेंडू 135 ते 155 सेंटीमीटर उसळावा लागतो, म्हणजे सोडलेल्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश. ओट्यावर चांगला चेंडू याच्या आसपास जाईल, तर वावरात तो जेमतेम उठेल. पडताना चेंडूला मिळालेली गतिज ऊर्जा काळ्या मातीची ढेकळे सरकवण्यात व फोडण्यात खर्ची पडते आणि परत वर जायला फारशी उरत नाही. पेरणीआधीचे कोरडे, भेगाळलेले रान आणि पावसानंतरचा चिखल यांचे आकडेही वेगळे येतात, तेव्हा तेच वावर दोन ऋतूंत मोजून पाहावे.

ऊन, सावली आणि कूलर

आता जागा न बदलता फक्त तापमान बदलायचे. ओट्यावर आधी सावलीतल्या चेंडूची उसळी मोजावी, मग तो तासभर उन्हात ठेवून मोजावी, आणि त्यानंतर तो ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर कूलरसमोर ठेवून, कोरडा पुसून पुन्हा मोजावी. मध्ये हवा भरू नये किंवा सोडू नये, नाहीतर उसळी कशामुळे बदलली हे सांगता येणार नाही. कूलरची युक्ती कोरड्या उन्हाळ्यातच चालते. श्रावणात हवेत आधीच बाष्प भरपूर असल्याने पाणी उडत नाही आणि चेंडू फारसा थंड होत नाही.

तापलेला चेंडू हाताला टणक लागतो आणि सहसा जास्त उसळतो. बंद जागेतील हवा तापली की तिचे रेणू अधिक वेगाने आतल्या भिंतीवर आदळतात आणि दाब वाढतो. मोठ्या मुलांना हिशेबही करता येईल: बाहेरच्या हवेपेक्षा 0.8 वातावरण (दाबाचे एकक; समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे 1 वातावरण असतो) अधिक दाबाने भरलेला चेंडू 30 अंशांवरून 55 अंशांवर गेला, तर हा जादा दाब सुमारे 0.95 होतो. खेळाच्या नियमांनुसार तो 0.6 ते 1.1 या मर्यादेत हवा. म्हणूनच आधीच घट्ट भरलेला चेंडू दुपारी टिनाच्या छपरावर ठेवू नये.

हवेला वजन असते का?

मीटरभर लांबीची काठी मध्यभागी दोरी बांधून टांगावी. एका टोकाला घट्ट भरलेला फुटबॉल पिशवीत घालून अडकवावा, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी बांधून, वाळू कमी-जास्त करत काठी आडवी स्थिर करावी. वाऱ्याची झुळूक आली की काठी हलते, म्हणून हा प्रयोग खोलीत करावा. मग चेंडूत ओली केलेली पिन हळूच घालून जादा हवा सोडावी आणि पिन काढून घ्यावी. काठी थांबली की चेंडूकडचे टोक किंचित वर गेलेले दिसेल. मोठ्या फुटबॉलचे आकारमान साधारण साडेपाच लिटर असते आणि एक लिटर हवेचे वजन सुमारे 1.2 ग्रॅम, त्यामुळे 0.8 वातावरणाइतकी जादा हवा गेल्यास वजन सुमारे 5 ग्रॅमने घटते. किराणा दुकानातल्या काट्यावर एवढा फरक बहुधा उमटणार नाही. सराफाच्या काट्यावर नक्की कळेल.

वळणारा चेंडू

3 जून 1997 रोजी फ्रान्समधील लियों येथे ब्राझीलच्या रोबेर्तो कार्लोसने सुमारे 35 मीटरवरून मारलेला चेंडू आधी बचावपटूंच्या भिंतीबाहेरून गेला आणि मग आत वळून गोलात शिरला. अशी किक मुलांना लगेच जमणार नाही, पण कारण चहाच्या दोन कागदी पेल्यांवर दाखवता येते. पेल्यांचे बूड एकमेकांना चिकटपट्टीने जोडावे. चार-पाच रबरबँड एकात एक गुंतवून साखळी करावी, तिचे एक टोक जोडावर अंगठ्याने दाबून ती ताणत दोन-तीन वेढे द्यावेत आणि मोकळे टोक पेल्यांच्या खालच्या बाजूने पुढे ओढून पेले सोडावेत. ते उलटे फिरत वर उचलले जातील. फिरणारा पृष्ठभाग मागची हवा खाली वळवतो आणि तिच्या प्रतिक्रियेने पेले वर ढकलले जातात. टोक वरच्या बाजूने ओढले तर तेच पेले खाली सूर मारतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याने या परिणामाचा अभ्यास केला, म्हणून त्याचे नाव त्याला मिळाले.

दोन चेंडू एकदम

हा प्रयोग मुलांना सर्वांत आवडतो, पण तो मोकळ्या जागेत, चेहरा लांब ठेवून करावा. फुटबॉलवर टेनिसचा चेंडू बरोबर मध्यावर ठेवून दोन्ही एकाच वेळी कमरेच्या उंचीवरून ओट्यावर सोडावेत. फुटबॉल जमिनीवरून उलटतो तेव्हा त्याच्याहून सातपट हलका टेनिसचा चेंडू अजून खालीच येत असतो, आणि त्या टकरीत त्याला मोठा वेग मिळून तो डोक्याच्याही वर जातो. ऊर्जा अजिबात वाया गेली नसती आणि वरचा चेंडू खालच्याच्या तुलनेत अगदी हलका असता, तर तो मूळ उंचीच्या नऊपट गेला असता. प्रत्यक्षात तेवढे होत नाही. चेंडू तिरपा उडाला तर ठेवण्यात चूक झाली असे समजून पुन्हा करावे. त्या वेळी फुटबॉल स्वतः किती कमी उसळला हे पाहायला एका मुलाला मुद्दाम बसवावे, कारण वर गेलेली ऊर्जा त्याच्याकडूनच आलेली असते.