‘रिओहा की रिबेरा?’ असं विचारलं की काय म्हणायचं: स्पेनमध्ये जेवताना तिथलीच स्वस्त रेड वाइन शोधायची रीत

स्पेनमध्ये कुठल्याही साध्या बारमध्ये जा, काउंटरला टेकून “तिन्तो” म्हणजे रेड वाइन मागा, की समोरचा माणूस बाटलीकडे हात नेता नेता विचारणार, “रिओहा ओ रिबेरा?” म्हणजे रिओहाची देऊ की रिबेरा देल दुएरोची, हे स्पेनमधले वाइनचे दोन नावाजलेले भाग. पहिल्या ट्रिपला आम्ही दोघं चार दिवस ह्यातलंच एक काहीतरी म्हणत राहिलो, वाइन छानच होती, तक्रार काही नाही. पण झारागोझाला शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी तिसरंच काहीतरी मागितलं, मी बोटानं “तेच मला पण” अशी खूण केली, आणि जी आली ती काम्पो दे बोर्हा भागातली, गार्नाचा नावाच्या द्राक्षाची, तिथून तासाभरावरची, पिकलेल्या करवंदांसारखी रसरशीत, आणि पैसे रिओहापेक्षा कमी. तेव्हापासून माझं उत्तर ठरलंय. “ई आल्गुनो दे आकी?” म्हणजे “आणि इथली एखादी?” हे एवढं पाठ करा, बाकीचं स्पॅनिश नाही आलं तरी चालेल.

हे विचारलं की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे माणूस खूश होतो, आपल्याकडे कोणी “तुमच्या गावचा आंबा कुठला?” विचारलं की कसं होतं तसं. दुसरं, तो जी बाटली काढतो ती बहुतेक वेळा स्वस्त असते, कारण त्या नावाला बाहेर तेवढा भाव नाही. साध्या बारमध्ये ग्लासला साधारण 2 ते 4 युरो धरा, मोठ्या शहराच्या मध्यात जास्त.

आता कुठे काय मागायचं. झारागोझाच्या बाजूला काम्पो दे बोर्हा, कारिन्येना, कालातायुद, तिन्ही ठिकाणी जुन्या वेलींची गार्नाचा, आणि माझ्या मते पैशाच्या मानानं अख्ख्या देशात हीच सगळ्यात भारी. आलिकान्ते-मुर्सियाकडे समुद्रावर सुट्टीला गेलात तर हुमिया नाहीतर येक्लाची मोनास्त्रेल द्राक्षाची, काळीभोर आणि दणकट. वालेन्सियात उतिएल-रेकेनाची, बोबाल द्राक्षाची. गालिसियाकडे रिबेइरा साक्रा किंवा थोडं अलीकडे बिएर्थो, तिथलं द्राक्ष मेन्थिआ, ही हलकी आणि सुगंधी असते, जड वाइन ज्यांना झेपत नाही त्यांनी इथून सुरुवात करा. बार्सिलोनात प्रिओरातचं नाव खूप ऐकाल, ती महाग, पण तिला वेढा घातल्यासारखा चहूबाजूंनी मोन्सान्तचा पट्टा आहे, द्राक्षं बरीचशी तीच, किंमत कितीतरी खाली. माद्रिदला तर लोकांना माहीतच नसतं की शहराच्या आसपास स्वतःची वाइन होते, बाटलीवर ‘बिनोस दे माद्रिद’ लिहिलेलं असतं, मुद्दाम मागा. फक्त सेविया-काडिथकडे रेडचा हट्ट नका धरू. तिथलं खरं वैभव शेरी आहे, म्हणजे वरून थोडं अल्कोहोल घातलेली वाइन, त्यातली थंडगार फिनो किंवा मान्थानिया घ्या, दोन्ही फिकट आणि कोरड्या.

तेम्प्रानियो हे द्राक्षाचं नाव तर सगळीकडे भेटेल. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर, लवकर पिकणारं म्हणून तेम्प्रानियो, आपण भाताला हळवं-गरवं म्हणतो ना, तसं हे हळवं द्राक्ष. ह्याचीच नावं गावोगाव बदलतात, रिबेरात तिन्तो फिनो, ला मांचात थेन्थिबेल, तोरोत तिन्ता दे तोरो, कातालान लोकांत ‘उल दे येब्रे’ म्हणजे सशाचा डोळा. त्यामुळे मेन्यूत अनोळखी नाव दिसलं तर घाबरू नका, जुनीच ओळख निघू शकते.

स्वस्तात शोध घ्यायचा तर खरी वेळ दुपारची. सोमवार ते शुक्रवार दुपारी बाहेर फळ्यावर खडूनं ‘मेनू देल दिया’ लिहिलेलं असतं, 1960 च्या दशकात सरकारनं पर्यटकांसाठी ठरावीक दराचं जेवण काढायला लावलं त्यातून आलेली ही पद्धत, आणि आज तिथली नोकरदार माणसं त्यावरच जेवतात. पहिली डिश, दुसरी डिश, पाव, गोड किंवा कॉफी, आणि बहुतेक ठिकाणी एक ड्रिंक, सगळं मिळून साधारण 12 ते 16 युरो. ड्रिंकमध्ये वाइन म्हणा. लहान गावात तर काय करतात माहितीये का, एका माणसामागे एक ग्लास असं मोजत नाहीत, अख्खी बाटलीच टेबलावर आणून ठेवतात, कधी लेबल नसलेली, बाजूला गोडसर सोड्याची बाटली, तुम्हाला हवी तेवढी घ्या. आम्ही कालातायुदच्या जवळ असं जेवलो, बाटलीवर नुसता खडूनं आकडा, वाइन फ्रिजमधून काढलेली गार, आणि शेजारच्या टेबलावरचे मिस्त्री लोक त्यात सोडा घालून पीत होते, आम्हीही घातला, उन्हाळ्यात तो खरंच उत्तम लागतो. जेवणाची वेळ मात्र पाळा, दीड ते साडेतीन, बारा वाजता गेलात तर किचन बंद आणि फक्त टुरिस्टांची ठिकाणं उघडी.

शब्द चार-पाचच लागतात. ‘होबेन’ म्हणजे तरुण, पिंपात न मुरवलेली किंवा अगदी थोडी. ‘रोब्ले’ म्हणजे काही महिने ओकच्या पिंपात. ‘क्रिआन्था’ म्हणजे दोन वर्षं मुरलेली, त्यातले निदान 6 महिने पिंपात, रिओहात मात्र निदान एक वर्ष. ‘रेसेर्बा’ तीन वर्षं, ‘ग्रान रेसेर्बा’ पाच. हे वाचून लोक म्हणतात मग जास्त मुरलेलीच चांगली, तसं अजिबात नाही. ताज्या कैरीचं करकरीत लोणचं आणि वर्षभर मुरलेलं लोणचं, दोन्हीला आपापली जागा आहे, आणि तापास म्हणजे बारमधल्या छोट्या डिशेसबरोबर उभ्या उभ्या प्यायला मला होबेन आवडते. रिओहातल्या लोग्रोन्यो शहरात काये लाउरेल म्हणून बारांनी गच्च भरलेली गल्ली आहे, तिथे ‘कोसेचेरो’ मागून बघा, शेतकऱ्यानं त्याच वर्षीच्या द्राक्षांची केलेली, अख्खे घड न चिरडता आंबवलेली, जांभळट आणि फळांचा नुसता घमघमाट. तव्यावर लसणात परतलेल्या मशरूमचा पिंचो, म्हणजे पावावर काडीनं टोचलेला छोटा खाऊ, तेल पावात मुरलेलं, आणि ती वाइन. त्यासाठी मी परत जाईन.

शाकाहारी मंडळींसाठी एक: वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग वापरतात, जुनी पद्धत आहे. चालत नसेल तर बाटलीवर ‘बेगानो’ लिहिलंय का बघा (त्यांचा व्ही आपल्याला ब ऐकू येतो, म्हणूनच वीनो नाही, बीनो). खायला पातातास ब्राबास म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे, पिमियेन्तोस दे पाद्रोन ह्या छोट्या हिरव्या मिरच्या, दोन्ही रेडबरोबर जातं.

उन्हाळ्यात बाटली नुसतीच फळीवर ठेवलेली असेल तर वाइन कोमट येते, आणि कोमट वाइनमध्ये अल्कोहोलच जास्त जाणवतं, फळांची चव मंदावते. बिनधास्त ‘कुबितेरा’ मागा, बर्फाची बादली, दहा मिनिटं बुडवा, चव सुधारते. पाणीही विकत घेऊ नका, 2022 च्या कायद्यानं रेस्टॉरंटला नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, “आग्वा देल ग्रीफो” म्हणायचं.

एकदा मात्र फसलो, ते सांगते. एका मोठ्या चौकात, चर्चसमोर, फोटोवालं मेन्यूकार्ड, वेटर म्हणाला चांगली लोकल आहे, आम्ही मान हलवली, त्यानं बाटलीच उघडली आणि बिलात ती 34 युरोला, वर बाहेर बसल्याचे वेगळे. म्हणून “पोर कोपास” म्हणजे ग्लासनं, हा शब्द आधी बोलायचा आणि “क्वान्तो एस?” विचारूनच हो म्हणायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तिथले लोकही विचारतात. आणि चौकापासून दोन गल्ल्या आत गेलात की काउंटरला उभ्यानं तेच अर्ध्या भावात मिळतं.

आवडलेल्या बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या लेबलचा फोटो काढा, दोन्ही काढा, कारण गाव आणि द्राक्ष बहुतेक मागे लिहिलेलं असतं. मग तोच फोटो सुपरमार्केटमध्ये दाखवा, नेमकी ती नाही मिळाली तरी त्याच भागातली मिळते, 4-5 युरोत सुद्धा. भारतात परतताना माणशी 2 लिटरपर्यंत ड्यूटी नाही, म्हणजे दोन बाटल्या आरामात. चेक-इन बॅगेत ठेवा, जीन्समध्ये गुंडाळून, आणि बाटलीच्या मानेभोवती मोजे.