नाल ठोकल्यावर घोडा लंगडू लागला तर

नाल ठोकून आणलेला घोडा लंगडू लागला की पुष्कळ जण आधी त्याचा खांदा चोळायला घेतात. त्यात वेळ जातो, कारण दुखणे बहुतेक वेळा खुरातच असते. म्हणून मालकाने प्रथम नाल कोणत्या दिवशी ठोकली आणि लंगडणे कोणत्या दिवशी सुरू झाले, याचा हिशेब मांडावा.

ठोकतानाच घोड्याने पाय झटकला किंवा भोकातून रक्त आले, तर खिळा जिव्हाळीत, म्हणजे खुराच्या आतल्या जिवंत भागात, शिरला असे समजावे. एक-दोन दिवसांनी पाय जड पडू लागला, तर खिळा जिव्हाळीच्या अगदी जवळून गेला असून आतून दाब देत असण्याची शक्यता अधिक असते. चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांपर्यंत घोड्याने एकाएकी पाय टेकणेच सोडले, तर आत पू झाल्याचा संशय घ्यावा. नाल ठोकताच दोन्ही पाय खडीवर जपून पडू लागले, तर बहुधा तळवा जास्त कापला गेला आहे किंवा नाल तळव्यावर टेकते आहे.

पुढचा पाय दुखत असेल, तर दुडकीत तो पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली नेतो. पायाचा अंदाज आल्यावर दोन्ही खुरांवर हात ठेवून कोणता गरम आहे ते पाहावे आणि घोट्याच्या मागील बाजूस बोटांनी नाडी चाचपावी. दुखऱ्या पायात ती ठळक लागते. मग एकेका खिळ्याच्या डोक्यावर हातोडीने हलकेच टिचकी मारावी. ज्या खिळ्यावर घोडा पाय ओढतो, तोच बहुधा दोषी असतो.

नाल एका हिसक्यात उपटू नये. नालबंदाला बोलावून आधी खिळ्यांची वाकवलेली टोके कापून घ्यावीत आणि खिळे एकेक करून काढावेत. निघालेला प्रत्येक खिळा निरखावा. तो ओला, रक्ताळलेला किंवा घाण वासाचा असेल, तर त्याचे भोक खडूने खुणावून ठेवावे, म्हणजे पशुवैद्याला शोधाशोध करावी लागत नाही. पू असेल तर वाट करून देण्याचे काम त्यांचेच. घरच्या चाकूने तळवा कोरू नये. भोकात डांबर, मेण किंवा बिब्बा भरणे तर सर्वांत घातक, कारण पू आतच कोंडतो आणि वर सरकत खुराच्या वरच्या कडेला फुटतो.

वाट मोकळी झाल्यावर पशुवैद्याच्या सल्ल्याने कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून खूर रोज बुडवावा, पोव्हिडोन आयोडीनने भोक धुवावे आणि खूर स्वच्छ पट्टीने बांधावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनात चालढकल करू नये, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. वेदनाशामक मनाने देऊ नये. डायक्लोफेनॅकवर तर गिधाडांना विषारी ठरत असल्याने २००६ पासून जनावरांसाठी बंदी आहे, आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यात गिधाडे असलेल्या आपल्या नाशिक जिल्ह्याने ती पाळायलाच हवी. डॉक्टर जवळ नसल्यास १९६२ या टोल फ्री क्रमांकावर संपर्क साधावा. घोडा दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून मागे रेलून उभा असेल, दोन्ही खूर गरम असतील, तर हा केवळ खिळ्याचा प्रश्न नसावा. त्या वेळी तासाचाही उशीर करू नये.

पावसाळ्यात नाशिकचा तबेला ओला राहतो आणि मऊ पडलेले खूर खिळा नीट धरत नाहीत, तेव्हा उपचार चालू असताना कोरड्या भुश्यावर किंवा कडब्यावर घोडा बांधावा. वरातीची सुपारी घेतली आहे म्हणून त्याला लंगडत नेऊ नये. घोडा कडक जमिनीवर सरळ चालू लागला आणि पशुवैद्याने परवानगी दिली, की मगच नवीन नाल ठोकावी. त्या वेळी जुने भोक रिकामे ठेवायला आणि खिळे पांढऱ्या रेषेच्या, म्हणजे तळवा आणि खुराची भिंत यांच्या सांध्याच्या, बाहेरून घ्यायला नालबंदाला सांगावे. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढत असल्याने पुढची नालबंदी चार ते सहा आठवड्यांनी ठरवावी, आणि तीही लग्नाच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान तीन-चार दिवस आधी.