क्वार्ट्झचा ओटा कसा सांभाळायचा: गरम तवा, हळद अन् बोअरचं पाणी

आता लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठंबी नवा फ्लॅट बघा, ओट्याला पांढरा क्वार्ट्झ बसवायलेत. दिसतो लई छान, पण लोक त्याला ग्रॅनाइटसारखंच वापरायलेत अन् तिथंच तो खराब होतो. ग्रॅनाइट खाणीतून निघालेला अख्खा दगड असतो, क्वार्ट्झ मात्र कारखान्यात बनतो, साधारण 90 ते 93 टक्के दगडाचा चुरा अन् बाकी रेझिन म्हणजे प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ अन् रंग. दगड कडक असतो, कमजोर असतं ते रेझिन, म्हणून जे काय जपायचंय ते रेझिनला जपायचंय.

सगळ्यात आधी गरम भांडं. साधारण 150 अंशाच्या आसपास रेझिन करपायला लागतं अन् ज्वारीची भाकरी टाकायचा तवा त्याच्या बराच वर तापलेला असतो. तवा उतरवून एक मिनिट जरी ओट्यावर टेकवला तरी पिवळा नाहीतर पांढुरका गोल उमटतो, अन् तो डाग नसतो, जळालेलं असतं, कितीबी घासलं तरी जात नाही. सिंकच्या अन् शेगडीच्या कापाजवळ तर एकदम गरम झाल्यानं तडा पण जाऊ शकतो. कुकर, कढई, फोडणीचं पळं, सगळं लाकडी पाटावर नाहीतर लोखंडी स्टँडवर ठेवा. देव ओट्याजवळच असतील तर निरंजन अन् धूप ताटलीत ठेवा.

रोजच्या सफाईला फार काही लागत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, मऊ कपडा, मग साध्या पाण्याचा कपडा, अन् शेवटी कोरडा कपडा. हा शेवटचा कोरडा कपडा आपल्याकडं टाळूच नका, कारण बोअरच्या पाण्यात क्षार एवढे असतात की नळाजवळ पाणी तसंच वाळलं की पांढरा थर बसतो. थर बसलाच तर व्हिनेगरमध्ये बरोबरीनं पाणी घालून कपडा ओला करा, पाच मिनिटं ठेवा अन् भरपूर पाण्यानं पुसून काढा, रात्रभर ठेवू नका. भाकरीचं नाहीतर धपाट्याचं पीठ वाळून घट्ट बसलं असंल तर ओलं करून जुन्या एटीएम कार्डानं खरवडा. तारेची घासणी अन् हिरवी घासणी दोन्ही नको, पॉलिश जातं अन् तेवढाच भाग फिका दिसतो.

हळदीचं आधीच सांगते. सांडली की लगेच पुसा, क्वार्ट्झ पाणी शोषत नाही त्यामुळं ताजी हळद बहुतेक वेळा निघते. राहिली तर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट करून दहा-पंधरा मिनिटं लावा. सोडा लागला की डाग पिवळ्याचा लालसर होतो तेव्हा बाया घाबरतात, पण काहून घाबरायचं, हळदीत चुना घातला की कुंकू लाल होतं ना, हे तेच आहे. बोटानं हळू फिरवा, पुसून घ्या, अन् थोडा पिवळेपणा राहिला तर खिडकीच्या उजेडानं काही दिवसांत आपोआप फिका पडतो.

फरशीचं ऍसिड, टॉयलेट क्लीनर, नाली मोकळी करायचा कॉस्टिक सोडा, पेंट काढायचं थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, हे ओट्यावर आणायचंच नाही. अन् ऍसिड अन् ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद किचनमध्ये जिवावर बेतू शकतं.

ठेचा वाटायचा खलबत्ता कडेला नको, नारळ फोडायचा तर खाली फरशीवर, कारण कडेचा टवका उडतो. सुरी चालवायची ती पाटावरच. दुकानदार सीलर, म्हणजे दगडात पाणी-डाग मुरू नये म्हणून लावायचं द्रव, लावून देतो म्हणला तर पैसे घालवू नका, क्वार्ट्झला लागत नाही.

एक गोष्ट मात्र फार मनापासून सांगायचीय. नंतर आरओच्या नळाला भोक पाडायचं असंल, सिंक बदलायचं असंल, तर मिस्त्रीला कोरडं ग्राइंडर घरात लावू देऊ नका. त्या बारीक धुळीत सिलिका असतो, श्वासातून गेला तर फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो, बरा न होणारा. हे कापणाऱ्या कामगारांना एवढा त्रास झाला की ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून असल्या दगडावर बंदीच घातली. पाणी सोडत सोडतच कापायला लावा, मिस्त्रीच्या तोंडाला नुसतं फडकं चालणार नाही, चांगला मास्कच पाहिजे, लेकरांना तेवढा वेळ शेजारी पाठवा अन् खाली पडलेली धूळ झाडूनं उडवू नका, ओल्या कपड्यानं उचला.