वीर्यतपासणीला येताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या नौपाड्यात माझी लॅब आहे, वीर्यतपासणी हे रोजचं काम. येणारा प्रत्येक जण वेगळा, चुका मात्र ठरलेल्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. घोडबंदर रोडचा एक तिशीतला तरुण आला होता. दंडांनी शर्टाची बाही ताणलेली, लग्नाला चार वर्षं, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या आधीच उरकलेल्या. आपल्याकडे सुरुवात तिच्यापासूनच होते. मायक्रोस्कोपखाली एकही शुक्राणू दिसेना. सॅम्पल सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात जोरात फिरवून, तळ पाहिला, तिथेही शून्य. औषधं काही घेता का विचारलं तर म्हणाला, "औषध नाही हो, ट्रेनरने दिलेली इंजेक्शनं आहेत. पुरुषाचंच हार्मोन ना ते?"

तिथेच तर गोम आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते. एलएचमुळे अंडकोषातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, एफएसएच शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींना कामाला लावतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पिट्युटरी म्हणते, भरपूर आहे, आणि दोन्ही जवळपास बंद करते. शुक्राणू घडायला अंडकोषात रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं. ते तिथेच बनावं लागतं, दंडात टोचून तिथे तेवढं पोचत नाही. दंड फुगतात, अंडकोष आक्रसतात. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांचा काउंट (शुक्राणूंची संख्या) परत येतो, पण कित्येक महिने जातात, कधी वर्षाच्या वर. थांबवायचीही ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. या गड्याला पुढच्या वर्षी थोडे शुक्राणू दिसले. ट्रेनर अजूनही म्हणतो, इंजेक्शनांचा काही संबंध नाही.

दुसरी चूक घाईची. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, वर एपिडिडिमिसमधून (अंडकोषाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीतून) पुढे सरकत पोहण्याजोगा व्हायला आणखी काही दिवस. म्हणजे आज जे दिसतं ते तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं असतं. मधे डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर काउंट पडलेला दिसणारच. ते लॅबमध्ये सांगा. पंधरा दिवस अश्वगंधा खाऊन पुन्हा तपासायला येणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो.

बाकीचं थोडक्यात. आधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन झालेलं नको. महिनाभर थांबलात तर शुक्राणू मंद दिसतील. पहिले थेंब सांडले तर लपवू नका, बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. सॅम्पल घेताना साधा कंडोम, साबण, थुंकी चालत नाही. ऐरोलीहून घरचं सॅम्पल आणणार असाल तर कळव्याचा ट्रॅफिक धरून निघा: तासाभरात पोचायला हवं, डबी अंगाजवळच्या खिशात, बर्फात नाही. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सकाळीच तपासा, दुपारी ते उतरलेलं असतं. एका मिलिलिटर वीर्यात 1.6 कोटी शुक्राणूंपेक्षा कमी आकडा आला म्हणून लगेच वांझपणाचा शिक्का मारून घेऊ नका. दुसरं सॅम्पल द्या.

आणि वीर्य दाट की पातळ यावरून काउंट ठरवू नका. त्यातला बहुतेक द्रव सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा असतो, म्हणून नसबंदीनंतरही ते पूर्वीसारखंच दिसतं. नसबंदी झालेल्यांनी साधारण तीन महिन्यांनी तपासून घ्यावं, आणि रिपोर्टमध्ये शुक्राणू नाहीत असं येईपर्यंत कंडोम वापरावा.