शेजारच्या वर्गातला पाठ कसा पाहावा?

पाठ निरीक्षण म्हटलं की बहुतेकांच्या हाती छापील तक्ता येतो: प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, स्वाध्याय आणि पुढे गुण. बी.एड.च्या सरावपाठांना तो चालतो. पण नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या आश्रमशाळेतला तास, सातपूरच्या कामगार वस्तीतला तास आणि व्हिडिओवर पाहिलेला जपानी तास यांतली शिकवण्याची रीत समजून घ्यायची असेल, तर तो तक्ता आड येतो. गुण देताना माप आपल्याच शाळेच्या सवयींचं लागतं.

आदल्या दिवशी शिक्षकांना भेटा, टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, मागून घ्या आणि पाहायची एकच गोष्ट दोघांनी मिळून ठरवा. उदाहरणार्थ, मागच्या बाकांवरची मुलं कधी बोलतात? सगळंच टिपायला गेलात तर हाती काहीच लागत नाही.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: वेळ, काय घडलं, मला काय वाटलं. तिसरा रकाना मागे दुमडून ठेवा आणि तास संपेपर्यंत उघडू नका. ‘मुलं कंटाळली’ हे निरीक्षण नव्हे. ‘११.२०, खिडकीजवळच्या चौघांनी वह्या मिटल्या’ हे निरीक्षण.

शेवटच्या बाकावर बसू नका, तिथून फक्त डोकी दिसतात. बाजूच्या भिंतीला, पुढून साधारण तिसऱ्या रांगेशी बसलं की मुलांचे चेहरे आणि वह्या दोन्ही दिसतात. पहिली पाच मिनिटं मुलं तुमच्याकडेच बघत असतात, तेवढी हिशेबात धरू नका.

दुसऱ्या पानावर बाकांचा नकाशा काढा. शिक्षकांनी नाव घेऊन विचारलं तर त्या बाकाकडे बाण, मूल आपणहून बोललं तर बाकातून बाहेर बाण, सगळ्या वर्गाने एकसुरात उत्तर दिलं तर कडेला गोल. ३५ मिनिटांच्या तासात कोणते बाक कोरे राहिले हे नकाशाच सांगतो. गोल दिसले म्हणून लगेच नाक मुरडू नका. पाढे आणि कविता एकसुरात म्हणण्याला अर्थ आहे, बुजरं मूलही त्यात तोंड उघडतं. ‘समजलं का?’ला आलेल्या ‘होऽऽ’मधून मात्र काहीच कळत नाही. म्हणून गोलाशेजारी प्रश्नही लिहा.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबले, तेही टिपा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत हे मोजलं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली आणि जास्त मुलं बोलू लागली.

सर्वात जास्त चुका होतात त्या शांततेचा अर्थ लावताना. पेठ-सुरगाण्यात घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकी मराठीत प्रश्न आला की ते आधी प्रश्नाची भाषा सोडवतं, मग गणित. सातपूर-अंबडला घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाचंही तेच. काही घरांत मोठ्यांच्या डोळ्याला डोळा न देणं हाच आदर असतो. ‘मूल निष्क्रिय’ असा शेरा लिहिण्याआधी तेच मूल मधल्या सुट्टीत कसं बोलतं ते पाहा. द्राक्षांच्या हंगामात आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडच्या बागांवर जाऊन आलेलं मूल असेल, तर मध्ये किती दिवस बुडाले हेही विचारा.

आता चूक कशी हाताळली जाते ते पाहा. ½ + ⅓ = ⅖ असं एखादी मुलगी फळ्यावर लिहिते. अंशात अंश मिळवले, छेदात छेद. आपल्याकडे ते बहुधा लगेच डस्टरखाली जातं आणि तिचा विचारही त्याबरोबर पुसला जातो. जपानी गणिताच्या तासात मुलं उदाहरण सोडवत असताना शिक्षक बाकांमधून फिरतात, कोणाची रीत कोणत्या क्रमाने फळ्यावर आणायची ते ठरवतात, आणि फळा सहसा तास संपेपर्यंत पुसत नाहीत. व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटतं, हे तर शिकवतच नाहीत. पण मुलं कुठे चुकतील याचा अंदाज टाचणातच लिहिलेला असतो. तेव्हा चुकीचं उत्तर फळ्यावर किती वेळ राहिलं, तेवढं मोजून लिहा. पण ६० मुलांच्या वर्गाला ३० मुलांच्या वर्गाचं माप लावू नका. पट आधी नोंदवा.

चर्चा त्याच दिवशी, आणि आधी शिक्षकांना बोलू द्या. नंतर नकाशा पुढे ठेवून विचारा, “बाई, दुसऱ्या रांगेतलं हे टोक कोरं राहिलंय, तुम्हाला काय वाटतं?” ‘तुम्ही असं करायला हवं होतं’ म्हणालात की पुढच्या वेळी तुमच्यासाठी बसवलेला पाठ दिसेल. घरी आल्यावर दुमडलेला रकाना उघडा, त्यात आपली मतं लिहा आणि प्रत्येक मताशेजारी त्याला आधार देणारी वेळ लिहा. वेळ सापडली नाही तर ते मत खोडा. पंधरा दिवसांनी त्याच बाईंना तुमच्या तासाला बसवा, नकाशाचं कोरं पान त्यांच्या हाती देऊन.