गुडघ्याला बाशिंग: चढत्या टीमला ‘दावेदार’ ठरवताना या चुका टाळा

८ सप्टेंबर २०१९, रविवार, दुपारी एक. ओहायोत एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही आठ-दहा जण नारिंगी टी-शर्ट घालून बसलो होतो. टीव्हीवर क्लीव्हलंड ब्राउन्स विरुद्ध टेनेसी टायटन्स, अमेरिकन फुटबॉलच्या सीझनमधली आमची पहिली मॅच. मित्राची आई नुकतीच साताऱ्याहून आलेली. ती कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण पंच सारखं पिवळं फडकं फेकतोय हे काही नजरेतून सुटलं नाही.

“अरे, हे फडकं पडलं की काय होतं?”

“चूक केली म्हणून दंड, काकू. मागं सरकावं लागतं.”

“आणि हे सगळे दंड आपल्यालाच?”

मग काकूंनी आपल्या टीमच्या प्रत्येक फडक्याला एक दाणा ताटलीच्या काठावर ठेवायला सुरुवात केली. मॅच संपली तेव्हा दाण्यांची रांग अर्ध्या ताटलीला वळसा घालून गेली होती. अधिकृत हिशेब: ब्राउन्सवर १८ दंड, १८२ यार्ड. निकाल ४३-१३, हरलो, तोही घरच्या मैदानावर.

आणि मी ऑफिसच्या पैजेत लिहून दिलं होतं की यंदा ब्राउन्स सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, जाणार. त्यांचा सीझन ६-१० वर संपला, म्हणजे सहा विजय, दहा पराभव. पुढचे कित्येक महिने मी जुने स्कोअर काढून बघत बसलो. वाईट याचं वाटलं की सगळं आधीपासून समोरच होतं, मी बघितलं नव्हतं. दर ऑगस्टला कुठली ना कुठली टीम अशीच हरभऱ्याच्या झाडावर चढते, म्हणून त्या वेळी माझं काय काय चुकलं ते इथे लिहितोय.

विजय मोजले, पण हरलेलं कोण ते बघितलं नाही

हवा झाली कशी, हे आधी समजून घ्यायला हवं. २०१६ मध्ये ब्राउन्स १-१५. २०१७ मध्ये ०-१६, म्हणजे अख्ख्या सीझनमध्ये भोपळा. शहरातल्या बारमध्ये एका बियर कंपनीने साखळदंड घातलेले फ्रिज ठेवले होते, टीम जिंकली की ते उघडणार आणि बियर फुकट. २० सप्टेंबर २०१८ ला जेट्सविरुद्ध पहिला क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा खेळाडू) जखमी झाला, बेकर मेफील्ड नावाचा नवखा पोरगा मैदानात उतरला आणि टीम २१-१७ जिंकली. तब्बल ६३५ दिवसांनी! फ्रिज उघडले. अशा गावात डोकं ठिकाणावर राहील कुणाचं?

पुढे ऑक्टोबरअखेर २-५-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) अशी अवस्था असताना हेड कोच ह्यू जॅक्सनला काढलं. ग्रेग विल्यम्स हंगामी कोच झाला, आक्रमणाची सूत्रं फ्रेडी किचन्सकडे आली आणि उरलेल्या आठपैकी पाच मॅच जिंकल्या. मेफील्डने २७ टचडाउन पास (थेट गोल लाइनपलीकडे गुण मिळवून देणारे) फेकले, तोवरचा नवख्यांचा विक्रम. आम्ही सगळे हे ५-३ तोंडपाठ म्हणायचो.

आता ते पाच विजय उघडून बघा. अटलांटा, सिनसिनाटी, कॅरोलायना, डेन्व्हर आणि परत सिनसिनाटी. त्या सीझनच्या शेवटी अटलांटा आणि कॅरोलायना ७-९, सिनसिनाटी आणि डेन्व्हर ६-१०. जिंकल्यापेक्षा जास्त न हरलेली टीम यात एकही नाही. डेन्व्हरला हरवलं ते १७-१६, एका गुणाने. आणि तीन पराभव कुणाकडून? कॅन्सस सिटी (१२-४), ह्यूस्टन (११-५), बाल्टिमोर (१०-६). म्हणजे गावातल्या आखाड्यात सगळ्यांना चीत करायचं आणि तालुक्याचा गडी आला की पाठ टेकायची, असा सरळसरळ प्रकार होता.

उपाय काही अवघड नाही. कुठलीही टीम ‘गेल्या सीझनच्या उत्तरार्धात पेटली’ असं कुणी म्हटलं की ते आठ सामने कागदावर लिहा आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्यापुढे त्याचा पूर्ण सीझनचा रेकॉर्ड मांडा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते तेव्हा केलं असतं तर पैज लावली नसती, किंवा निदान ‘प्लेऑफपर्यंत’ एवढीच लावली असती. बाल्टिमोरविरुद्धचा शेवटचा पराभव २६-२४ असा होता, टीममध्ये दम होताच. फक्त दम असणं आणि विजेतेपदाचं दावेदार असणं यात एक-दोन पायऱ्यांचं अंतर असतं, ते आम्ही एका उडीत पार करायला निघालो होतो.

आलेली नावं वाचली, गेलेली वाचली नाहीत

मार्च २०१९. न्यूयॉर्क जायंट्सकडून रिसीव्हर (पळत जाऊन पास झेलणारा) ओडेल बेकहॅम ज्युनियर आला आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री कुणी झोपलं नाही. बदल्यात जबरिल पेपर्स हा खेळाडू आणि ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांतली, पहिल्या फेरीची आणि तिसऱ्या फेरीची निवड दिली. ठीक आहे, महाग पण समजण्यासारखं.

त्याच आठवड्यात जायंट्सशीच आणखी एक व्यवहार झाला होता. पासरशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) ऑलिव्हियर व्हर्नन इकडे आला आणि राइट गार्ड केव्हिन झाइटलर तिकडे गेला. ग्रुपवर झाइटलरबद्दल एक मेसेज नाही. ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात; कडेचे दोन टॅकल, त्यांच्या आतले दोन गार्ड. बॉलला त्यांचा हात क्वचित लागतो, पोस्टरवर ते कधीच नसतात. पण ती भिंत अडीच-तीन सेकंद टिकली तरच क्वार्टरबॅकला मान वर करून लांबवर बघता येतं. बेकहॅम कितीही पळो, पास फेकणारा तोवर आडवा झाला असेल तर उपयोग काय?

झाइटलरच्या जागेसाठी २०१८ च्या दुसऱ्या फेरीत घेतलेला ऑस्टिन कॉर्बेट तयार होईल असा हिशेब होता. तो पहिल्या पाचातसुद्धा बसला नाही आणि ऑक्टोबरमध्ये रॅम्सना देऊन टाकला. त्या पहिल्या मॅचमध्ये लेफ्ट टॅकल ग्रेग रॉबिन्सनने प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लाथ मारली आणि दुसऱ्याच क्वार्टरमध्ये त्याला बाहेर काढलं. भिंतीचा एक कोपरा तिथेच ढासळला. मेफील्ड २०१८ मध्ये २५ वेळा सॅक झाला होता, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला होता, २०१९ मध्ये ४०. त्याचे इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) १४ चे २१ झाले. पोरगा एका उन्हाळ्यात खेळ विसरला असं लोक म्हणायचे. मला वाटतं तो घाबरला होता. सारखं पाठीवर पडणारा माणूस समोर मोकळी जागा असली तरी उजवीकडे पळत सुटतो, तसा तो पळायचा.

बेकहॅमचं म्हणाल तर त्या मॅचमध्ये तो मनगटावर भारीतलं घड्याळ घालून खेळला. काकूंनी विचारलं, “याला कुठं जायची घाई आहे का?” पण बेकहॅमला दोष देण्यात अर्थ नाही. दुखापत अंगावर काढत त्याने १,०३५ यार्ड केले. वाईट खेळ नव्हता तो. फक्त टीमचं दुखणं जिथे होतं, तिथलं औषध तो नव्हता.

तेव्हा नवीन खेळाडूंची यादी वाचताना शेजारी गेलेल्यांची यादी ठेवाच. आणि रिसीव्हर आला की टाळ्या वाजवायच्या आधी भिंतीतले पाच कोण ते तोंडपाठ म्हणता येतं का बघा. नाही आलं तर थांबा.

आठ सामन्यांच्या कामगिरीवर हेड कोच

किचन्सने २०१८ मध्ये आठ सामने डाव आखले आणि फार छान आखले. म्हणून त्यालाच हेड कोच केलं. त्याने आधी कुठेही हेड कोच म्हणून काम केलं नव्हतं. विल्यम्सला मात्र नारळ दिला. तेव्हा आम्हाला हे भारी वाटलं होतं: आपला माणूस, साधा, मेफील्डशी जमणारा.

तिसऱ्या आठवड्यात रॅम्सविरुद्ध रविवारच्या रात्रीच्या मॅचमध्ये चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, ९ यार्ड हवे होते आणि त्याने बॉल घेऊन पळणाऱ्या निक चबच्या हातात तो देऊन मधूनच पळायला लावलं. बेसमेंटमधल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला, काकू असल्यामुळे तो अर्ध्यात गिळला. त्याच मॅचच्या शेवटी गोल लाइनपासून ४ यार्डांवर पोचून चारही वेळा पास, चबकडे एकदाही बॉल नाही. मॅच २०-१३ ने गेली. चब त्या वर्षी १,४९४ यार्ड धावला, लीगमध्ये दुसरा! डाव आखणं आणि ५३ जणांचा संसार सांभाळणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. १८ दंड पडतात तेव्हा त्यातले दोन-चार पंचांच्या मर्जीचे असतील, बाकीचे घरच्या शिस्तीचे असतात. नोव्हेंबरमध्ये माइल्स गॅरेटने पिट्सबर्गच्या क्वार्टरबॅकच्या डोक्यात त्याचंच हेल्मेट हाणलं आणि उरलेला सीझन बाहेर बसला. शेवटची मॅच गेली ती २-१४ रेकॉर्डच्या सिनसिनाटीकडून. त्याच संध्याकाळी किचन्सची नोकरी गेली.

काठावरचे विजय म्हणजे स्वभाव, असं धरून चालणं

ही चूक ब्राउन्सबाबतीत नाही, २०२२ च्या मिनेसोटा व्हायकिंग्सबाबतीत केली. (हो, परत पैज लावली.) १३-४! एका स्कोअरच्या, म्हणजे फार तर आठ गुणांच्या, फरकाने सुटलेल्या ११ मॅच झाल्या आणि अकराच्या अकरा जिंकल्या. कोल्ट्सविरुद्ध ३३-० ने मागे पडून ३९-३६ जिंकले, लीगच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पुनरागमन. लोक म्हणाले, यांना जिंकायची सवय लागलीय.

पण सीझनभराचे गुण मोजा: केलेले ४२४, खाल्लेले ४२७. तेरा मॅच जिंकून टीम तीन गुणांनी तोट्यात! कारण हरायचे तेव्हा डॅलसकडून ४०-३, ग्रीन बेकडून ४१-१७ असे हरायचे. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत घरच्या मैदानावर जायंट्सनी ३१-२४ ने घरी बसवलं. शेवटच्या चौथ्या डाउनला ८ यार्ड हवे असताना ३ यार्डांचा पास फेकला गेला. पुढच्या वर्षी ७-१०, अर्थात त्यात क्वार्टरबॅक कर्क कझिन्सची टाच गेल्याचाही वाटा होता.

जिंकल्या-हरल्याच्या आकड्याशेजारी केलेल्या आणि खाल्लेल्या गुणांची वजाबाकी लिहायची सवय लावून घ्या, त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

एक मोठी शिकार आणि टीव्हीची वेळ

२९ सप्टेंबर २०१९ ला ब्राउन्सनी बाल्टिमोरला त्यांच्याच घरी ४०-२५ धुतलं. बाल्टिमोर त्या वर्षी १४-२ राहिले, म्हणजे दोनपैकी एक पराभव आमचा. ग्रुपवर परत ‘आता बघाच’ सुरू झालं. आठच दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोत ३१-३. सीझनच्या मध्याला २-६.

त्या वर्षी ब्राउन्सला रात्रीच्या चार मॅच मिळाल्या होत्या. चॅनेलवाले एवढी वेळ देतात म्हणजे टीममध्ये काहीतरी असणारच, असं मला वाटायचं. चॅनेलवाले बघणारे मोजतात, खेळणारे नाही.

उलटी चूक

तोंड पोळल्यावर मी ताकही फुंकून प्यायला लागलो. २०२१ मध्ये सिनसिनाटी वर यायला लागले तेव्हा मी सगळ्यांना ऐकवलं की गेल्या वर्षी ४-११-१ होते, क्वार्टरबॅक जो बरो लीगमध्ये सगळ्यात जास्त, ५१ वेळा सॅक झालाय, यांची भिंत म्हणजे चाळण आहे. ते थेट सुपर बोलला गेले. टेनेसीत बरो नऊ वेळा आडवा झाला आणि तरी १९-१६ जिंकला. शेवटी सुपर बोलमध्ये रॅम्सनी त्याला सात वेळा पाडलं आणि २३-२० ने करंडक नेला, त्यामुळे माझी भिंतीची गोष्ट अगदीच खोटी ठरली नाही. पण पैज लावली असती तर हरलोच असतो. वरच्या सगळ्या तपासण्या शंका कुठे घ्यायची एवढंच सांगतात. एकच लाल खूण दिसली म्हणून टीमला मोडीत काढू नका, तीन-चार एकदम दिसल्या तर मात्र खिशाला हात लावू नका. ब्राउन्सच्या बाबतीत अशा तीन होत्या: दुबळे प्रतिस्पर्धी, गेलेला गार्ड, नवा कोच.

आणि पैज आधीच लावून बसला असाल तर? पहिले चार आठवडे स्कोअर बघू नका, क्वार्टरबॅक किती वेळा जमिनीवर पडतो आणि फडकी किती पडतात तेवढं बघा. काकूंची पद्धत. दाणे नसले तर काडेपेटीतल्या काड्या चालतील.

२०२० मध्ये ब्राउन्सनी हेड कोच म्हणून केव्हिन स्टेफान्स्कीला आणलं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजव्या टॅकलला जॅक कॉन्क्लिन आणि पहिल्या फेरीत डाव्या टॅकलसाठी जेड्रिक विल्स घेतला. आमच्या ग्रुपवर फारसा आवाज झाला नाही. त्या वर्षी ते ११-५ होऊन २००२ नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले. १० जानेवारी २०२१, रविवारी रात्री, पिट्सबर्गमध्ये पहिला क्वार्टर संपला तेव्हा ब्राउन्स २८-० ने पुढे होते. मित्राने तेवढ्यात साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सोमवारची सकाळ, काकू चहा पीत होत्या. मोबाइल टीव्हीसमोर धरला.

“तो घड्याळवाला दिसत नाही रे?”

“त्याचा गुडघा गेलाय ऑक्टोबरात. खेळत नाही तो.”

“मग जिंकताय कसे?”

“दोन्ही कडांचे गडी बदललेत, काकू.”